ओळ क्रमांक २२३८

उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत स्टाफरूममध्ये जे वाद होतात ते बहुधा चहाबरोबर संपतात. काही वर्षांपूर्वीचा एक वाद मात्र संपला नाही. संगणकशास्त्र शिकवणारे आमचे एक सहकारी आमच्यापुढच्या गठ्ठ्याकडे पाहून म्हणाले, "सर, तुमच्या विषयात एक मोठी सोय आहे. समजले आहे की नाही, हे कुणाला सिद्ध करावे लागत नाही. विद्यार्थ्यालाही नाही आणि तुम्हांलाही नाही. आमच्याकडे चुकले की यंत्र तोंडावर सांगते." त्यावर आम्ही अर्थाची अनेकता, संहितेची संदिग्धता, वाचकाचा सहभाग वगैरे जे म्हणायचे असते ते सगळे म्हटले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर झेरॉक्स केलेली दोन बाडे आणून ठेवली. "सर, एकदा हे वाचून पाहा. एका बाडात मूळ आहे, दुसऱ्यात टीका."

'टीका' हा शब्द त्यांनी जाणूनबुजून वापरला असणार. मूळ आणि टीका अशी जोडी समोर आल्यावर मराठीच्या शिक्षकाला नाही म्हणता येत नाही.

मूळ म्हणजे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलचा सोर्स कोड. संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालताना आपल्याला दिसतात. त्यांना आळीपाळीने प्रोसेसर देणे, मेमरीतली जागा वाटून देणे, डिस्कवरच्या फायली सांभाळणे, एकाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये हे पाहणे, ही कामे करणारा जो गाभा तो कर्नल. वापरणाऱ्याला तो कधी दिसत नाही. बाकीचे सगळे मात्र त्याच्या आधाराने उभे असते. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्सला आरंभ केला, १९७३ मध्ये त्याचा कर्नल सी भाषेत नव्याने लिहिला, आणि १९७५ मध्ये त्याची सहावी आवृत्ती बाहेर पडली. या आवृत्तीचा कर्नल पीडीपी-११ नावाच्या यंत्रासाठी लिहिलेला आहे आणि तो साधारण ९,००० ओळींचा आहे.

टीकाकार जॉन लायन्स हे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात शिकवत असत. आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी १९७६-७७ च्या सुमारास या कोडच्या ओळींना क्रमांक देऊन एक पुस्तक केले आणि त्यावर भाष्य करणारे दुसरे. १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली ती नव्या परवान्यासह. त्या परवान्याच्या अटींनुसार वर्गात सोर्स कोड शिकवण्याला बंदी झाली. मग पुढची जवळजवळ दोन दशके लायन्स यांचा ग्रंथ झेरॉक्स प्रतींच्या आणि त्या प्रतींच्या प्रतींच्या रूपाने जगभर फिरत राहिला. १९९६ मध्ये तो रीतसर प्रकाशित झाला. १९९८ च्या अखेरीस लायन्स वारले. २००२ मध्ये त्या जुन्या कोडवरचे निर्बंधही उठले आणि आता तो कुणालाही मोकळेपणाने वाचता येतो.

आमच्या सहकाऱ्यांची प्रत मात्र निर्बंधांच्या काळातली, कितव्या हाताची ते त्यांनाही ठाऊक नव्हते. काही पानांवर तळाच्या ओळी पुसट झाल्या होत्या, आणि कुणा अज्ञात वाचकाने महिरपी कंस पेनाने पुन्हा गिरवले होते. पोथ्या हाताळलेल्या माणसाला हे जग अनोळखी नाही. ज्ञानेश्वरीत पाठभेद माजले म्हणून शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे कुणी आपली ओवी मध्ये घालू नये अशी ताकीदही दिली. झेरॉक्सच्या यंत्राला प्रक्षेपाची हौस नसते एवढाच फरक. पण गिरवलेला कंस नेमका तिथेच होता की एक ओळ खाली, हा संशय आम्हांला पुढे दोन वेळा आडवा आला.

लिनक्स का नाही, असे आम्ही आरंभी विचारले होते, कारण तेवढे एक नाव आम्हांला ठाऊक होते. सहकारी म्हणाले, "१९९१ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी पहिला लिनक्स सोडला तेव्हा तोही दहाएक हजार ओळींचा होता. आज तो तीन कोटींच्या वर गेला आहे. तो कुणी एक माणूस वाचत नाही. नऊ हजार ओळी एका डोक्यात मावतात." शिक्षणासाठी हाच आकार अजूनही सोयीचा मानला जातो. एमआयटीमध्ये २००६ पासून याच सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर नव्याने लिहिलेला 'एक्सव्ही६' नावाचा छोटा कर्नल शिकवला जातो, आणि त्यालाही लायन्स यांच्याप्रमाणे ओळींचे क्रमांक आणि सोबत भाष्य आहे.

पहिल्या महिन्यात आम्ही जी चूक केली ती साहित्याच्या माणसाने करावी अशीच होती. आम्ही पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. आरंभीची पाने निव्वळ व्याख्यांची आणि कोष्टकांची, म्हणजे कोश पाठ करून भाषा शिकण्यासारखा प्रकार. त्यानंतर यंत्राच्या जवळच्या भाषेतली पाने आली, तिथे तर आमचा श्वासच अडला. मग सहकाऱ्यांनी सांगितले, की हे असे वाचायचे नसते. एक प्रश्न धरायचा आणि त्याच्या मागे जायचे. कीबोर्डवर एक अक्षर दाबले तर ते कुठून कुठे जाते? एक फाइल उघडली तर कोण कुणाला हाक मारतो? असा प्रश्न धरला की क्रमांक १५०० वरून ५४०० वर, तिथून ६९०० वर अशा उड्या माराव्या लागतात. मांडीवर मूळ, टेबलावर टीका, आणि दोन्हींत मिळून सात-आठ खुणेचे कागद, असे आमचे वाचन सुरू झाले.

भाषेच्या अंगाने पहिली गंमत भेटली ती एका मुद्रणदोषात. निदान आम्हांला तो मुद्रणदोष वाटला. आजच्या सी भाषेत एखाद्या संख्येतून एक वजा करायचा असेल तर वजाचे चिन्ह आधी आणि बरोबरचे नंतर येते. या बाडात सगळीकडे ते उलटे: आधी बरोबर, मग वजा. आम्ही मोठ्या उत्साहाने चूक दाखवायला गेलो. सहकारी हसले. ते जुने रूप होते; आम्ही त्याला आर्ष प्रयोग म्हटले असते. ते का बदलले, हे त्यांनी कागदावर लिहून दाखवले. 'एक्स', मग बरोबर, मग वजा, मग एक, असे सलग लिहिले तर 'एक्सची किंमत वजा एक कर' असे वाचायचे, की 'एक्समधून एक वजा कर' असे? जोडून लिहिले की जुन्या भाषेत दुसरा अर्थ होई. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र बहुधा पहिला असे. हा तर आमच्या ओळखीचा पदच्छेदाचा प्रश्न. शब्द न तोडता सलग लिहिलेली पोथी वाचताना एक अक्षर अलीकडच्या शब्दाला जोडायचे की पलीकडच्या, यावर विद्वानांची पाने खर्ची पडली आहेत. भाषा सुधारून संदिग्धता घालवण्याची मुभा आम्हांला नाही, तेवढी त्यांना होती.

दुसरी गोष्ट आम्हांला अधिक खोल गेली. कर्नलमध्ये एखाद्या प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, हवी ती वस्तू मोकळी नसेल तर ती निजते. निजताना ती एक पत्ता सांगून ठेवते, की अमुक वस्तू मोकळी झाली की मला उठवा. त्या वस्तूचे काम संपले की तिचा धनी हाक मारतो, आणि त्या पत्त्यावर निजलेल्या सगळ्याच्या सगळ्या प्रोसेस जाग्या होतात. पण वस्तू एकच. म्हणून उठलेल्या प्रत्येकीने प्रथम पुन्हा तपासून पाहायचे: ज्यासाठी मला उठवले ते अजून शिल्लक आहे, की माझ्याआधी उठलेलीने नेले? नेले असेल तर पुन्हा निजायचे. ही पुन्हा तपासण्याची ओळ कोडमध्ये ठिकठिकाणी आढळते.

ती जुनी सिस्टीम आजच्या संगणकावर चालवता येते; पीडीपी-११ ची हुबेहूब नक्कल करणारा एक मोफत प्रोग्राम आहे. सहकाऱ्यांनी तो आमच्यासाठी मांडून दिला. आता आम्हांला त्यांचे पहिले वाक्य पारखून पाहायचे होते. डिस्कवरून आणलेला मजकूर ज्या खणांत ठेवतात त्या खणांच्या वाटपाच्या फंक्शनमधली ती पुन्हा तपासण्याची ओळ आम्ही त्यांच्या मदतीने काढून टाकली, कर्नल नव्याने तयार केला आणि चालू केला. यंत्राने तोंडावर काहीही सांगितले नाही. आम्ही फायली लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या. संध्याकाळभर सगळे सुरळीत चालले. "सर, तुम्ही एकटेच बसला आहात ना, म्हणून," सहकारी म्हणाले. "पंधरा जण बसले असते तर कधीतरी, एखाद्या दुपारी, कुणाच्या तरी फाइलमध्ये दुसऱ्याचा मजकूर निघाला असता. आणि का, ते कुणालाच कळले नसते." मग ते थोडे थांबले. आपण बाड देताना काय म्हणालो होतो ते त्यांना आठवले असावे.

एव्हाना पावसाळा संपला होता आणि आम्ही २२०० क्रमांकांच्या आसपास पोचलो होतो. तिथे कर्नलमधले, निदान आमच्या दृष्टीने, सर्वांत विलक्षण फंक्शन आहे. त्याचे नाव 'स्विच' असायचे. पण तो शब्द सी भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेला असल्यामुळे त्यातला 'आय' गाळून ते लिहिले आहे. काम एवढेच, की एका प्रोसेसकडून प्रोसेसर काढून घ्यायचा आणि दुसरीला द्यायचा. हे समजण्यासाठी दोन गोष्टी आधी कळाव्या लागतात, आणि दोन्ही साहित्याच्या वाचकाला तशा परिचयाच्या आहेत.

पहिली स्टॅकची. एका फंक्शनने दुसऱ्याला हाक मारली की परत कुठे यायचे याची नोंद ठेवावी लागते. दुसऱ्याने तिसऱ्याला हाक मारली की आणखी एक नोंद त्या नोंदीवर. अशी चळत रचत जाते आणि वरून उतरत जाते. पंचतंत्रात गोष्टीतला प्राणी गोष्ट सांगू लागतो, त्या गोष्टीतला आणखी एक प्राणी तिसरी गोष्ट सांगतो. आतली संपली की आपण बरोबर तिच्या बाहेरच्या गोष्टीत, जिथे सोडले तिथेच परततो. श्रोत्याच्या मनातली ही चळत म्हणजेच स्टॅक. प्रत्येक प्रोसेसची चळत स्वतंत्र असते.

दुसरी गोष्ट एका अक्षराची. या कर्नलमध्ये 'यू' नावाची एक रचना आहे, 'यूजर'चे आद्याक्षर. चालू प्रोसेसबद्दलची सगळी खाजगी माहिती तिच्यात असते. कोडमध्ये शेकडो ठिकाणी हा 'यू' येतो. आम्ही बरेच दिवस समजत होतो की ही एकच वस्तू आहे. तसे नाही. 'यू'चा पत्ता कायम एकच, पण त्या पत्त्यावर प्रत्यक्ष कोणती मेमरी दिसावी हे यंत्रातला एक रजिस्टर ठरवतो, आणि प्रोसेस बदलली की तो रजिस्टर बदलतो. म्हणजे शब्द तोच, आणि जी प्रोसेस चालू असेल तिच्यापुरता त्याचा अर्थ. हे आम्हांला कळले तो क्षण आम्ही विसरणार नाही, कारण हे तर सर्वनाम होते. 'मी' हा शब्द कोशात एकच आहे. बोलणारा बदलला की माणूस बदलतो. ज्या दिवशी आम्ही 'यू'च्या जागी मनात 'मी' असे वाचू लागलो, त्या दिवसापासून कितीतरी पाने आपोआप उघडत गेली.

आता ते फंक्शन. लायन्स सांगतात त्याप्रमाणे त्याचे तीन भाग आहेत आणि ते तीन वेगवेगळ्या प्रोसेस पार पाडतात. पहिल्या भागात जिची पाळी संपली ती प्रोसेस आपली खूण ठेवते. मधल्या भागात शून्य क्रमांकाची प्रोसेस पुढची कोण ते शोधते. तिसऱ्या भागात निवडलेली प्रोसेस जागी होते आणि फंक्शन संपवून बाहेर पडते. पहिलीला आणि तिसरीला लायन्स यांनी मावळणारी आणि उगवणारी अशा अर्थाची नावे दिली आहेत. कागदावर हे सारे सलग एकाखाली एक छापलेले आहे, पण वाचता वाचता 'मी' दोनदा बदलतो आणि त्याबरोबर चळतही बदलते. पंचतंत्रातली आतली गोष्ट संपावी आणि श्रोता बाहेर पडावा तो कथासरित्सागरात, आणि तिथेही नेमका जिथे पूर्वी कधीतरी सोडले होते तिथेच, असा हा प्रकार आहे.

एवढेच असते तरी पुष्कळ होते. पण नव्या प्रोसेसचा जन्म जिथे होतो त्या फंक्शनमध्ये आणखी एक चमत्कार आहे. ते एकदा बोलावले जाते आणि दोनदा परतते: जन्मदात्या प्रोसेसकडे शून्य घेऊन आणि नवजात प्रोसेसकडे एक घेऊन. शून्य तिथे लिहिलेले दिसते. एक कुठे आहे? आम्ही ते पान दहा वेळा वाचले असेल. ते एक तिथे नाहीच. ते आहे त्या प्रोसेस बदलणाऱ्या फंक्शनच्या अगदी शेवटच्या ओळीत, कारण नवजात प्रोसेस पहिल्यांदा जागी होते ती तिथे. कर्त्याचे क्रियापद दुसऱ्याच वाक्यात! आमच्या काव्यशास्त्राने दूरान्वय हा दोष मानला आहे. इथे त्याच दोषावर सारी सृष्टी उभी होती.

या फंक्शनच्या शेवटाजवळ ती सुप्रसिद्ध टीप आहे, ओळ क्रमांक २२३८. मेमरीत जागा अपुरी पडली म्हणून एखादी प्रोसेस मध्येच डिस्कवर हलवली गेली असेल, तर परत आल्यावर तिने नेहमीच्या वाटेने परतायचे नसते. शेवटची खूण ज्या फंक्शनने ठेवली होती, त्या फंक्शनमधून परतायचे असते. कोड लिहिणाऱ्यांनी हे चार-पाच ओळींत समजावून दिले आहे, आणि मग एक रिकामी ओळ सोडून एवढेच नोंदवले आहे, की वाचणाऱ्याला हे समजावे अशी अपेक्षा नाही.

ही ओळ संगणकाच्या जगात दंतकथेसारखी प्रसिद्ध आहे, हे आम्हांला नंतर कळले. त्या रात्री आम्हांला आठवली ती एक दुपार.

तेव्हा आम्ही नव्याने एम.ए.च्या वर्गाला अमृतानुभव शिकवत होतो. दहा प्रकरणांचा हा ग्रंथ, आणि त्यातले सर्वांत मोठे प्रकरण सातवे, अज्ञानखंडन. आम्ही टीकांच्या आधाराने ओव्यांचे अर्थ सांगत चाललो होतो. मध्येच एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, अज्ञान मुळात नाहीच असे म्हणायचे आहे, तर एवढ्या ओव्या खर्चून खंडन कशाचे चालले आहे? जे नाही त्याचे?" प्रश्न सरळ होता आणि ग्रंथाच्या मर्मावरचा होता. स्वतः ज्ञानदेव त्या प्रश्नाला भिडले आहेत. पण त्यांचे भिडणे आम्हांला तोवर उलगडलेले नव्हते. आम्ही ओवीमागून ओवीचा अर्थ देत होतो आणि युक्तिवादाचा धागा आमच्या हातात नव्हता. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "एवढ्या खोलात जायला नको. ते परीक्षेला येत नाही." तिने वहीत त्या ओवीपुढे पेन्सिलीने खूण केली होती. ती तिने खोडरबराने पुसली आणि पुढचे उतरवून घेऊ लागली.

पुढे डेनिस रिची यांनी त्या टीपेबद्दल केलेला खुलासा सहकाऱ्यांनी आम्हांला दाखवला. तो वाचून आम्ही काही वेळ गप्प बसलो. लोकांना ती टीप उद्धट आव्हान वाटते, पण आमचा हेतू तसा नव्हता, असे ते सांगतात. 'हे परीक्षेला येणार नाही' अशा भावनेने ती लिहिली होती. नेमके हेच शब्द! पण खुलासा तिथे संपत नाही. खरी अडचण अशी होती, ते पुढे कबूल करतात, की तिथे काय चालले आहे हे आम्हांलाही नीट कळलेले नव्हते. एका फंक्शनने ठेवलेल्या खुणेवर दुसऱ्या फंक्शनच्या शेवटाने परतायचे, ही युक्ती मुळातच सदोष होती. ती चालली, कारण पीडीपी-११ वरचा कंपायलर प्रत्येक फंक्शनला एकाच साच्याचा शेवट देत असे. पुढे युनिक्स इंटरडेटा नावाच्या निराळ्या यंत्रावर नेताना तिथल्या कंपायलरमध्ये हा शेवट फंक्शनगणिक वेगळा निघाला आणि युक्ती कोसळली. सातव्या आवृत्तीत ती बदललेली आहे.

"म्हणजे यंत्राने तोंडावर सांगितले नाही?" आम्ही विचारले.

"नाही सर," सहकारी म्हणाले. "दुसरे यंत्र आले तेव्हा सांगितले."

या उत्तरात आमच्या त्या जुन्या वादाचा निकाल आहे, आणि तो दोघांच्याही विरुद्ध आहे असे आम्हांला वाटते. चालते म्हणजे समजले, असे नाही. जगातल्या उत्तम प्रोग्रामरांनी लिहिलेली, रोज बिनतक्रार चालणारी ओळही तिच्या कर्त्यांना पूर्ण समजलेली नव्हती. ज्या संकेतावर ती उभी होती तो त्या पानावर कुठेच लिहिलेला नव्हता. आणि आमच्याकडे? गुण मिळवून देणारे उत्तर हेही चालणारेच उत्तर असते. टीकेतला अर्थ वर्गात उतरतो, वर्गातला वहीत, वहीतला उत्तरपत्रिकेत, आणि कुठेही काही अडत नाही. कारण सगळी एकाच जातीची यंत्रे असतात. त्या दुपारी प्रश्न विचारणारी ती मुलगी आमच्यासाठी दुसरे यंत्र होती. तिच्यापाशी आमचा अर्थ चालला नाही, आणि आम्ही दोष अर्थात न शोधता प्रश्नच बाद केला.

तरीही एका बाबतीत ते दोघे आमच्यापेक्षा फार पुढे होते, हे मान्य केले पाहिजे. परीक्षेला येणार नाही, हे आम्हीही म्हणालो आणि एका अर्थाने त्यांनीही. पण त्यांनी ते त्याच जागी, छापील अक्षरांत, ओळीला ओळ लागून लिहून ठेवले. तो कोड पुढे ज्यांनी ज्यांनी वाचला त्यांना कठीण जागा कोणती हे न शोधता सापडले. लोक तिथे थांबले, झगडले, आणि रिचींनाही पुढे मागे वळून खुलासा करावासा वाटला. न समजलेल्याची खूण शाबूत राहिली. आम्ही मात्र जी खूण झाली होती तीही पुसायला लावली. टीका लिहिणाऱ्याचे काम कठीण जागा सोपी करण्याचे, असे आम्ही मानत आलो होतो. सोपी करता येत नसेल तेव्हा निदान ती जागा बुजवू नये, हेही त्याचेच काम आहे, हे आम्हांला नऊ हजार ओळींनी शिकवले. त्यांतल्या किती आम्हांला समजल्या म्हणाल, तर निम्म्या म्हणणेही धाडसाचे होईल. डिस्कच्या आणि टर्मिनलच्या कितीतरी पानांवर आमच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि त्या आम्ही पुसलेल्या नाहीत.

गेल्या वर्षी अमृतानुभव पुन्हा आमच्याकडे आला. या खेपेला आम्ही सातव्या प्रकरणाचा युक्तिवाद महिनाभर आधी, कोडसारखाच, प्रश्न धरून वाचला: इथे बोलणारा कोण, पूर्वपक्ष कुणाचा, 'मी' कुठे बदलतो. पुष्कळ उलगडले. सगळे नाही. वर्गात त्या ओव्यांशी आलो तेव्हा थांबून सांगितले, की ज्ञानदेव या प्रश्नाला उत्तर देतात ते इथून इथपर्यंत मला कळते. या पाच ओव्यांत ते एक पाऊल टाकतात, ते मला कळत नाही. टीकाकारांचे म्हणणे मी सांगतो, पण त्याने माझे समाधान होत नाही. वर्गात थोडी चुळबुळ झाली. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, हे परीक्षेला येईल का?"

"नाही," आम्ही म्हणालो. "पण ओव्यांचे क्रमांक लिहून ठेव."

पुढच्या आठवड्यात त्याने नव्हे, दुसऱ्याच एका विद्यार्थिनीने त्या पाच ओव्यांचा आपला अन्वय दोन पानांत लिहून आणला. तो आम्हांला पटलेला नाही. आमचा वाद अजून चालू आहे.